मालकाच्या हातून नियम मोडत नाही

स्यु-ल्यानचं काम काय, तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं आणि स्वतः मध्ये यायचं नाही. सतरा वर्षं तिने ते इमानेइतबारे केलं. तैवानमधल्या लुकांगच्या आसपास नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यांची जी रांग आहे, तिथल्या कुठल्याही मालकाला विचारा, इंडोनेशियाच्या कामगारांशी भांडायचं असो की समेट करायचा असो, ‘ल्यानबाईंना बोलवा’ हेच पहिलं वाक्य. बाई मालकाची शिवी गिळत नाही आणि कामगाराचं रडणं फुगवून सांगत नाही, अशी तिची ख्याती होती. त्या ख्यातीवर तिचं घर चाललं होतं, कारण नवऱ्याची, आ-खुनची, फुप्फुसं पितळ घासून घासून कधीच कामातून गेली होती.

ती मूळची बोर्निओतल्या सिंकावांगची. तिथल्या हक्का चिनी घरात जन्मली, तेविसाव्या वर्षी लग्न होऊन तैवानला आली. आईशी फोनवर हक्का, नवऱ्याशी तैवानी, कचेरीत चिनी आणि कामगारांशी इंडोनेशियन. चार भाषा म्हणजे मोठी श्रीमंती, असं लोक म्हणतात. आ-खुन म्हणायचा, ‘कसली श्रीमंती. चार भाषांत बोलणी खातेस आणि पाचवीत झोपेत बडबडतेस.’

कारखान्यांच्या भिंतींवर नियमांचे जे फलक असतात, ते तिनेच लिहिलेले. नऊनंतर बाहेर जाऊ नये, खोलीत स्वयंपाक करू नये, यंत्रापाशी फोन वापरू नये. असे हजारो ‘नये’ तिच्या हाताखालून गेले. त्यामुळे एक गोष्ट तिच्या फार लवकर लक्षात आली. इंडोनेशियन माणूस नियमाला धडकतो, रस्त्यात स्कूटर कोंबडीला धडकते तोच शब्द. चिनी माणूस नियमाच्या विरुद्ध जातो, आणि प्रकरण जरा गंभीर असलं तर तो नियमाचा गुन्हा करतो, चोर-दरोडेखोर करतात तसा. आपण मराठी माणसं नियम मोडतो, पायदळी तुडवतो, धाब्यावर बसवतो. शब्द निरनिराळे असतील, पण सगळे त्या माणसाच्या अंगावर येणारे.

पण हे सगळे शब्द गरिबासाठी. मालकाची टोपली वेगळी. मालकाने तेच केलं की चिनीत त्याला म्हणतात ‘फो-ली’. अर्थ रीत मोडणं, पण म्हणताना हसून म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने कमरेत वाकून आभार मानायचे, कारण साहेबांनी तुमच्यासाठी खास रीत मोडली. दुसरा शब्द ‘प्येन-थुंग’, म्हणजे प्रसंग पाहून वाट काढणं. आणि इंडोनेशियनमध्ये तर कहर आहे. तिथे साहेबाने नियम वाकवला की त्याला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ शहाणपण. शिपाई नियमाला धडकतो, साहेब शहाणपण दाखवतो. आपण तरी कुठे मागे आहोत? आपल्याकडे गरीब नियम मोडतो आणि सरकार नियम ‘शिथिल’ करतं. जगात कुठेही जा, ही दोन खात्यांची वाटणी चुकत नाही. स्यु-ल्यान हे आ-खुनला बोलून दाखवायची, तो खोकत खोकत हसायचा आणि विषय तिथेच संपायचा.

गेल्या वर्षी, चिनी नववर्षाच्या सणाआधी, श्ये नावाच्या मालकाच्या कारखान्यात मोठी मागणी आली. तिथे पितळ दाबून तोटीचा आकार काढणारी प्रेस आहे. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, ठोकळ्याखाली नसतात. अक्कल वापरून केलेली सोय आहे. त्या प्रेसच्या डोक्यावर फलकही आहे, ‘दोन्ही हातांनीच चालवावे’, चार भाषांत. इंडोनेशियन ओळ स्यु-ल्यानची.

आता दोन हात बटणांवर असले की तुकडा ठेवायला वेळ जातो. तुकडा ठेव, हात काढ, दोन बटणं दाब, पुन्हा हात घाल. घाई असली की त्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात एकच युक्ती होते. डावं बटण चिकटपट्टीने दाबून बांधून टाकायचं. मग उजव्या हाताने बटण दाबायचं आणि डाव्या हाताने तुकडे सारत राहायचं. काम दीडपट होतं. पट्टी कुणी लावली असं कुणी विचारत नाही. सणाआधी दारावर लाल कागद लागतात, तशी बटणावर पट्टी लागते.

कारसिदी हा इंडोनेशियातल्या चिलाचापकडचा जावानीज माणूस, वय एकतीस. येऊन चौदा महिने झाले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. इस्पितळातून तो परतला तेव्हा पट्टी निघाली होती, बटण पुसून स्वच्छ झालं होतं आणि कामगार पुरवणाऱ्या दलालाचा माणूस वेई एक कागद घेऊन आला होता.

कागदावर चारच ओळी होत्या. मी नियमाविरुद्ध जाऊन चालू यंत्रात हात घातला. चूक सर्वस्वी माझी आहे. मालकाविषयी माझी काही तक्रार नाही. मी स्वतःच्या इच्छेने मायदेशी परत जात आहे. विमान शुक्रवारचं. सही झाली की बोटं त्याची, चूक त्याची आणि जायची इच्छाही त्याचीच.

कारसिदीने सही केली नाही. का केली नाही हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. नुसता बसून राहिला. मग प्रकरण कामगार कचेरीत समेटासाठी गेलं आणि तिथून स्यु-ल्यानला फोन आला.

सकाळी दहाला सगळे लांबट टेबलाभोवती बसले. मध्यभागी कचेरीच्या च्वांगबाई, समोर चष्मा आणि फाइल. एका बाजूला श्ये मालक, त्यांनी सगळ्यांसाठी लुकांगच्या गोड खुसखुशीत पापड्यांचा डबा आणलेला. त्यांच्या शेजारी वेई. दुसऱ्या बाजूला कारसिदी, पट्ट्या बांधलेला हात मांडीवर ठेवून, आणि त्याच्या शेजारी स्यु-ल्यान.

‘घ्या ना,’ श्ये मालक डबा सरकवत म्हणाले. ‘त्यालाही द्या. बिचाऱ्याचं नुकसान झालंय, मला का वाईट वाटत नाही?’

स्यु-ल्यानने भाषांतर केलं. कारसिदीने मान हलवली, घेतलं नाही.

वेईने कागद वाचून दाखवला. स्यु-ल्यानने ओळ न ओळ सांगितली. ‘नियमाविरुद्ध जाऊन’ आलं तिथे तिने ‘धडकून’ म्हटलं, तोच शब्द, सतरा वर्षांचा. कारसिदीने ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, बटण बांधलेलं होतं. मला तसंच शिकवलं. पहिल्या दिवसापासून.’

तिने तेही जसंच्या तसं चिनीत सांगितलं.

आता कुणालाही वाटेल, मालक नाकबूल होतील. पट्टी निघालेली, साक्षीदार नाही, कोण सिद्ध करणार? पण श्ये मालक नाकबूल झालेच नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि हात पसरून म्हणाले, ‘आता मोठी मागणी होती, च्वांगबाई. आम्ही जरा प्येन-थुंग केलं. सगळेच करतात. त्याने लक्ष द्यायला हवं होतं.’

एवढं सरळ. खोटं बोलायची गरजच वाटली नाही त्यांना. त्यांच्या शब्दात त्यांनी काही केलंच नव्हतं, फक्त वाट काढली होती. च्वांगबाईंनीही मान डोलावली आणि फाइलचं पान उलटलं.

स्यु-ल्यान बोलायला वळली आणि थांबली. तोंडात शब्द तयार होता. प्येन-थुंगला इंडोनेशियनमध्ये बरोबर शब्द आहे, तिने तो शंभरदा वापरलेला. शहाणपण. म्हणजे आता तिने या माणसाकडे, त्याच्या मांडीवरच्या हाताकडे बघून सांगायचं होतं की मालकांनी शहाणपण दाखवलं आणि तू नियमाला धडकलास. भाषांतर अगदी चोख झालं असतं. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. आणि त्या चोखपणाचाच तिला एवढा संताप आला की कानशिलं तापली. हा असला चोखपणा करायला आपण सतरा वर्षं पोट जाळलं? लोकांच्या तोंडची घाण धुऊन पुसून दुसऱ्याच्या ताटात वाढायला?

‘मालक म्हणतात,’ ती कारसिदीला म्हणाली, ‘नियम त्यांनी मोडला. बटण त्यांनी बांधलं.’

तिने तोच शब्द वापरला. कारसिदीसाठी वापरलेला, कोंबडीला धडकणाऱ्या स्कूटरचा.

कारसिदीने पहिल्यांदा मान वर करून मालकांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. कुणीतरी आपल्याहून मोठा माणूस आपल्या बाकावर येऊन बसावा तसं. मग तो म्हणाला, ‘मग ठीक आहे, ताई. कागदावर आधी त्यांचं नाव घाला. ते सही करू देत. मी त्यांच्याखाली करतो.’

तिने हे चिनीत सांगितलं, एक अक्षर इकडे-तिकडे न करता.

वेई ताडकन उठला. दलालाची माणसं ती, इंडोनेशियन त्यांना येतं, यावंच लागतं. ‘हिने शब्द बदलला, बाई. मालक प्येन-थुंग म्हणाले, हिने त्याचा नियमभंग केला. ताई, तुमचं काम काय आणि तुम्ही करताय काय?’

‘ल्यानबाई,’ च्वांगबाईंनी चष्मा काढला. ‘तुम्ही काय म्हणालात?’

‘जे झालं ते.’

‘मालक जे म्हणाले ते सांगायचं असतं.’

‘माहीत आहे,’ स्यु-ल्यान म्हणाली. ‘पण बाई, फलकावर लिहिलंय दोन्ही हातांनी चालवावं. ते मी लिहिलंय. याने एका हाताने चालवलं, तर तुम्ही त्याला नियमभंग म्हणता. यांनी ते एका हाताने चालेल असं करून ठेवलं, तर त्याला वाट काढणं म्हणता. दोघांनी एकच नियम मोडलाय. फरक इतकाच की याची बोटं गेली आणि यांचा माल गेला वेळेवर.’

श्ये मालक ओशाळून हसले. ‘ल्यानबाई, अहो, आपली इतक्या वर्षांची ओळख. तुमच्या आ-खुनने माझ्या वडिलांकडे काम केलंय.’

‘हो ना,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर घरी माणूस बसून खोकतोय.’

च्वांगबाईंनी फाइलचं उलटलेलं पान पुन्हा मागे आणलं. मग त्यांनी पेन उचललं आणि श्ये मालकांना सरळ विचारलं, ‘बटण कुणी बांधलं?’

‘सगळेच बांधतात हो.’

‘तुमच्या कारखान्यात कुणी बांधलं?’

श्ये मालकांनी वेईकडे पाहिलं, वेईने टेबलाकडे पाहिलं. ‘मी सांगितलं होतं बांधायला,’ मालक शेवटी म्हणाले. च्वांगबाईंनी ते लिहून घेतलं. वेईने आणलेल्या कागदावर सही झाली नाही. शुक्रवारचं विमान कारसिदीशिवाय गेलं. तो आता पुढच्या गावात एका पॅकिंगच्या कामावर आहे, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी खोक्यांना पट्ट्या लावतो, आणि उपचार नियमाप्रमाणे चालू आहेत.

एवढ्यावर मनासारखं झालं म्हणायला हरकत नव्हती. पण आठ दिवसांनी च्वांगबाईंचा फोन आला. आवाज मऊ होता. दलालाच्या कंपनीने लेखी तक्रार केली होती, दुभाषिणीने बोलण्यात बदल केला म्हणून.

‘तुमचा हेतू मला समजतो,’ च्वांगबाई म्हणाल्या. ‘पण दुभाष्यांचा नियम आहे, तो तुम्हालाही पाठ आहे. तरी सतरा वर्षांचं काम बघून मी वरच्यांशी बोललेय. तुमच्यासाठी फो-ली करू. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, त्या दिवशी थकवा होता, चुकून शब्द गेला. तुमचं नाव दुभाष्यांच्या यादीत राहील.’

स्यु-ल्यान पालेभाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मनातून ती घाबरली होती, हे खोटं कशाला सांगायचं? यादीतून नाव गेलं की दलालही बोलावणार नाहीत, आणि आ-खुनच्या औषधांना काय माती घालायची? समोर बसलेला आ-खुन तिच्याकडे बघत होता. त्याने ‘हो म्हण’ अशी मान हलवली.

‘मी थकले नव्हते, बाई,’ ती म्हणाली. ‘चुकूनही गेला नाही. शब्द मला येतो, मी मुद्दाम नाही वापरला. फो-ली नको मला. ती तुम्ही मालकांसाठी ठेवा, त्यांना लागते. माझ्या नावापुढे नियम मोडला असंच लिहा.’

‘अहो, असं लिहिलं तर नाव काढावं लागेल.’

‘काढा.’

फोन ठेवल्यावर आ-खुन खोकला, उठला, आणि आत जाऊन त्याने तिच्यासाठी पाणी आणलं. स्यु-ल्यान आता बाजारात बांबूच्या कोंबांची साल काढायला जाते, पहाटे चारला.

त्या प्रकरणाची फाइल बंद झाली आहे. कारसिदीच्या नावापुढे ‘अपघातग्रस्त’ लिहिलंय. श्ये मालकांच्या नावापुढे ‘सुधारणेसाठी तीन महिने मुदत’. साऱ्या फाइलमध्ये ‘नियमभंग’ हा शब्द एकदाच आला आहे, आणि तो बोंग स्यु-ल्यान या दुभाषिणीच्या नावापुढे.