उभ्या उसात मांडव

मी सांगलीत औषधं विकतो. दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून डॉक्टरांची वाट बघायची, याला आमच्या धंद्यात ‘फिल्डवर जाणं’ म्हणतात. गावाकडं आई सगळ्यांना अभिमानानं सांगते, “धाकटा फिल्डवर असतोय.” फौजेतून निवृत्त झालेल्या थोरल्या भावाचं फिल्ड म्हणजे सरहद्दीवरचा तंबू. त्याचा जावई कॉम्प्युटरच्या फिल्डमधला. आणि आमचं खरंखुरं फिल्ड, ज्यात ऊस उभा असतो, त्याला मात्र घरात कुणीच फिल्ड म्हणत नाही. ते रान.

गेल्या हिवाळ्यात पुतणीनं हट्ट धरला, लग्न कार्यालयात नको, आपल्या रानातच. तोवर ऊस तुटेल या भरवशावर पत्रिका वाटल्या. लग्न आठवड्यावर आलं तरी ऊस उभाच. तोडणीची टोळी शेजारच्या रानात अडकलेली. पुतणी रोज बांधावर जाऊन बघायची आणि न जेवता परत यायची.

“सांगलीत एखादं कार्यालय बघू का?” मी विचारलं.

“काका, तुमी गप बसा.”

शेवटी आईच उठली. आधी शेजाऱ्याकडनं त्याची तोडणीची पाळी मागून घेतली. मग हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका घेऊन टोळीच्या मुकादमाकडं गेली. “नातीचं लग्न हाय. समद्या टोळीनं जेवायला यायचं. आता पंगत कुठं बसवायची, ते तुमीच बघा.”

मुकादम हसला. दुसऱ्या दिवशी उजाडताच कोयते आमच्या रानात.

ऊस गेला, पण वाळक्या पानांचं गुडघाभर पाचट राहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी भावानं माझ्या हातात दाताळं दिलं. “फिल्डवर असतोस न्हवं? वढ.”

दुपारपर्यंत तळहातांना फोड आले आणि मांडवापुरतीसुद्धा जागा मोकळी झाली नाही. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वर सतरंज्या टाका.”

म्हसवडहून आलेलं वऱ्हाड त्यावर टेकलं आणि हरखलंच. “गादी हाय की रं!” नवरदेवाचे आजोबा तर मंगलाष्टकांतच घोरायला लागले. ऊस होता तिथं पुतणी हार घेऊन उभी होती, आणि तिचं हसू काही आवरत नव्हतं.

पहिल्या पंगतीला टोळी बसली. मी जिलेबी वाढत मुकादमापर्यंत पोचलो, तशी आई म्हणाली, “ह्यो माजा धाकटा. फिल्डवर असतोय.”

मुकादमानं माझ्या तळहातांकडं पाहिलं.

“नवेच दिसतेत,” तो म्हणाला.