बायोडेटातलं हसू

दिल्लीत लग्न ठरलं की जोडपी कुठल्यातरी मकबऱ्याच्या बागेत फोटो काढायला येतात. कुणाच्या तरी कबरीपुढे उभं राहून संसाराची सुरुवात करायची, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटेनासं झालं होतं. सकाळी जोडप्यांना "एकमेकांकडे बघा, माझ्याकडे नको" म्हणायचं आणि दुपारी मयूर विहारच्या फ्लॅटवर बसून त्यांच्या चेहऱ्यावरचे मुरुम पुसायचे, असं माझं कितीतरी वर्षं चाललं होतं. माझा स्वतःचा संसार तीन वर्षांत आटोपला होता. त्यानंतर काही वाटून घेणंच मी सोडलं होतं, आणि धंद्याला ते सोयीचं पडलं.

एका फेब्रुवारीत फरीदाबादची एक मुलगी तिच्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर आली. घरचे मूळ अमरावतीचे, वडील सरकारी नोकरीत. दोघंही कॅमेऱ्यासमोर ताठ. मी लेन्स बदलून मान वर केली, तेवढ्यात तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि ती त्याच्याकडे बघून खळखळून हसली. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. मी घाईने एकच फोटो काढला. तो बरा आला.

दोन महिन्यांनी तिच्या आईचा फोन आला. लग्न मोडलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"बेटा, तू आपली मराठी आहेस म्हणून तुलाच सांगते," त्या म्हणाल्या. "त्या फोटोतून मुलाला काढून टाक. बायोडेटाला लावायचाय. किती छान हसलीये त्यात! आता फोटोला उभीच राहत नाही गं. आणि बाकीचे सगळे डिलीट कर, अच्छा?"

मुलगा दोन मिनिटांत गेला. त्याची बोटं मात्र तिच्या खांद्यावरून एकेक करून काढावी लागली आणि खालची बाही नव्याने भरावी लागली. साखरपुड्याची अंगठी पुसली. डोळे त्याच्याकडे वळलेले होते. दुसऱ्या फोटोतले डोळे लावून ते समोर बघते केले. बायोडेटातल्या मुलीने समोरच बघायला हवं. हसू त्याच्यामुळे आलेलं, ते ठेवलं आणि त्याला घालवलं. गरज सरो, वैद्य मरो. मला काही वाटलं नाही.

मूळ फोटो डिलीट केले, असं तिच्या आईंना कळवलं. केले नव्हते. त्यात माया वगैरे काही नव्हती, निव्वळ कंटाळा.

नोव्हेंबरात तीच मुलगी त्याच बागेत दुसऱ्या मुलाबरोबर आली. हा दिल्लीतल्याच द्वारकेचा, बोलका, मनाने चांगला. माझ्याकडेच यायचं हे आईंनीच ठरवलं असणार. मुलीने मला पहिल्यांदाच भेटल्यासारखा नमस्कार केला. मीही तसाच केला.

"मॅम, बायोडेटातला तो फोटो तुम्हीच काढलाय ना?" मुलगा म्हणाला. "सच सांगतो, ते हसू बघूनच मी घरी हो म्हटलं. आज बिल्कुल तसंच पाहिजे!"

ती बिचारी मनापासून प्रयत्न करत होती. मी "एकमेकांकडे बघा" म्हटलं की ती त्याच्याकडे बघायची, आणि ओठांवर आणलेलं हसू तिथेच मावळायचं. त्याने जोक सांगितले, तोंडं वेडीवाकडी केली. तासाभराने तोच दमला.

"चलो, एडिटिंगमध्ये होईल ना, मॅम?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"होईल," मी म्हणाले.

घरी येऊन जुना फोटो उघडला. तिचं हसू डोळ्यांसकट उचललं आणि नव्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर बसवलं. या वेळी डोळे बदलावे लागले नाहीत, कारण नवा मुलगाही त्याच बाजूला उभा होता. उजेड जुळवला. काम सफाईदार झालं. दोघांनाही फोटो पाठवून मी कुकर लावायला उठले.

त्याचा निरोप लगेच आला. "मॅम, यही! हेच!"

तिचा संध्याकाळी आला. बायोडेटातले डोळे समोर बघत होते आणि हे बाजूला. तिला ओळखायला वेळ लागला नसणार. तिने लिहिलं होतं, "ताई, म्हणजे तो फोटो तुमच्याकडे अजून आहे."

मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी काही वाटलं, तर ती लाज असावी, याचा रागही आला. मी लिहिलं, "आहे. चुकलं माझं. आत्ता काढून टाकते."

"मला पाठवू नका," तिचं उत्तर आलं. मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ.

"पण डिलीट करू नका."