वरची शीव

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला तेव्हा माझा धाकटा भाऊ समुद्रात होता. देवगडच्या बहुतेक बोटी दुपारपर्यंत खाडीत शिरल्या होत्या. त्याची शिरली नव्हती.

त्याच्या बोटीवर एक पेटी बसवलेली आहे. किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते, मग ही पेटी उपग्रहामार्फत निरोप पाठवते. तो बटण दाबतो आणि इकडे माझ्या भावजयीच्या मोबाईलवर ठरलेला मजकूर उमटतो, ‘सर्व ठीक आहे.’ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळचा निरोप आल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नाही. आमच्या घरचा चहा उपग्रहावर उकळतो, असं मी तिला चिडवायचे.

त्या सकाळी निरोप आला नाही आणि चहाही झाला नाही. नेमकी त्याच सकाळी टीव्हीवर बातमी होती की कुठल्याशा देशाने क्षेपणास्त्र मारून स्वतःचाच एक जुना उपग्रह फोडला. तुकडे पृथ्वीभोवती गरगरत होते. निवेदक तर घरातलं लग्न ठरल्यासारखा खुशीत होता.

भावजय मोबाईल हातात घट्ट धरून टीव्हीसमोर उभी होती. ती म्हणाली, “ताई, तेंनी फोडलो तो आमचो तर न्हय मां?”

मी खेकसले. जन्मभर भूगोल शिकवला, असले प्रश्न मला सहन होत नाहीत. शिवाय मीही घाबरलेली होते, आणि घाबरले की मी खेकसतेच. “तुझ्या नवऱ्याच्या पेटीसाठी कोण कशाला क्षेपणास्त्र वाया घालवील? आपला उपग्रह पुष्कळ वर असतो.”

“इतक्या वर मारूक येणा नाय?”

“अजून तरी कोणी मारलेलं नाही.”

“अजून तरी,” ती म्हणाली. “म्हणजे बंदी नाय?”

मी टीव्हीचा आवाज कमी केला. अंतराळात मोठ्या संहाराची अस्त्रं ठेवायची नाहीत, असा देशादेशांत करार आहे. वर्गात मी तो मोठ्या अभिमानाने सांगायचे. पण जमिनीवरून नेम धरून एखादा उपग्रह फोडायला त्यात सरळ मनाई नाही, हे सांगताना मात्र मी फळा पुसायला वळायचे. पोरं पुढचं विचारतील या धास्तीने.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त साहेब बातमीवर बोलायला आले. त्यांच्या घरातलं कोणी समुद्रात जात नाही. “बाई, बघितलंत? आता वरसुद्धा धाक बसला पाहिजे आपला,” ते म्हणाले. “आपलीही शस्त्रं वर फिरती ठेवली पाहिजेत. त्याशिवाय कोणी विचारत नाही.”

“माझा भाऊ बाहेर आहे,” मी म्हटलं. “निरोप नाही.”

ते ओशाळले. पण गेले नाहीत.

दुपारभर वारा वाढत गेला. भावजयीने बंदरावर फोन केले, मग तेच फोन पुन्हा केले. कोणाला काही दिसलं नव्हतं. तिन्हीसांजेला बोटवाल्यांची घरं देवळात जमली. आमच्याकडे संकट आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकरी मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. आमचे मानकरी नात्याने भावजयीचे चुलत सासरे. त्यांनी समुद्र, वारा, तांडेल, खलाशी, सगळ्यांची नावं घेतली. गावाच्या चारी दिशांच्या शिवा राखायला सांगितलं. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो.

मध्येच भावजय बोलली. गाऱ्हाणं चालू असताना बाई बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

“काकानू, वरचा पण घाला.”

मानकरी थांबले. “वर खंय गो?”

“उपग्रह आसत थंय. थंय कोणी हत्यारा नेवची नाय, असा सांगा.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मानकऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. “बाय, आमच्या देवाची शीव व्हाळापासून खाडीपर्यंत. वर कोणाची शीव आसा?”

“कोणाचीच नाही,” मी म्हटलं. “तिथे कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. तसा करारच आहे.”

“मगे राखता कोण?”

“कोणीच नाही.”

हे म्हणताना मला विलक्षण राग आला. कोणावर, ते कळेना.

शेजारचे साहेब पुढे झाले. “काका, देवळात राजकारण नको. उद्या आपल्यालाच वर काही ठेवायचं झालं तर?”

समईची ज्योत वाऱ्याने आडवी होत होती. भावजय मानकऱ्यांकडे बघत राहिली, खाली बघेचना. ते देवाकडे वळले आणि सावकाश म्हणाले, “बा देवा म्हाराजा, वर जी जागा कोणाचीच नाय, थंय जो कोण हत्यार घेवन चढात, मगे तो आपलो असो नायतर परको, तेचो हात थंयच आवर.”

कोणी हुंकार दिला नाही. ‘आपलो’ हा शब्द लोकांच्या घशाखाली उतरत नव्हता. मग भावजय एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तिच्या मागून मी. मग एकेक करून बाकीचे. साहेब आपल्या चपला शोधत होते.

भाऊ सकाळी एसटीने आला. बोट विजयदुर्गच्या खाडीत लागली होती, खलाशी सुखरूप होते, सगळ्यांचे मोबाईल पाण्यात गेले होते. पेटीचं काय झालं ते नंतर कळलं. खाऱ्या पाण्याने वायर कुजली होती, एवढंच. फुटलेल्या उपग्रहाचा काडीचाही संबंध नव्हता. साहेब हे ऐकून आठवडाभर हसत होते. हसू देत. भाऊ आला त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ते नव्हते.

भावजयीने एकदाचं आधण ठेवलं. ती रडत होती आणि आलं किसत होती. भाऊ पाटावर बसून नेहमीसारखा बढाया मारत होता. कपडे अजून ओलेच.

“वारो फिरलो, लाटो वर चढाक लागल्यो,” तो म्हणाला. “पण माका भ्या वाटला नाय. पेटी होती मां. मी बटण दाबीत रवलंय. मगे लाल बटण पण दाबलंय, मदतीचा. म्हटला, आता घरात कळला, बंदरार कळला. कोण तरी आयकता आसा.”

भावजयीने गॅस बारीक केला. मोबाईल आणून त्याच्यापुढे धरला. त्यात शेवटचा निरोप वादळाच्या आदल्या संध्याकाळचा होता.

“माका एकय पोचला नाय,” ती म्हणाली.

त्याने बोटाने पडदा खाली ओढून पाहिला, वर ओढून पाहिला. वादळात न घाबरलेला माझा भाऊ तेव्हा, घरात, कोरड्या जमिनीवर घाबरला. त्याने आधी बायकोकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी गणित अडलं की बघायचा तसं.

“मगे मी कोणाक सांगी होतंय?”