भाच्याच्या अंगावरचा स्वेटर

"घरी वेळ जात नसंल म्हणून विणत बसता का मॅडम?" हे मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांकडे बघून मी हसले आहे. हातातल्या सुईचं त्या क्षणी काय करावंसं वाटलं, ते लिहीत नाही. वेळ जात नसेल! पहाटे उठून दोन डबे, सासूबाईंचा चहा, पोरीच्या दोन वेण्या, मग कुडव्याहून नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून गोंदिया स्टेशन, तिथून पॅसेंजरने अर्जुनी मोरगाव आणि पुढे मी शिकवते त्या शाळेपर्यंत दीड किलोमीटर पायी. संध्याकाळी हेच उलटं. ज्या बाईचा वेळ जात नाही ती बाई मला एकदा बघायची आहे. मी तिच्याकडून थोडा उसना घेईन.

मी विणत होते कारण मला विणायला आवडायचं. एवढं साधं उत्तर कोणाला पटत नाही. बाईने केलेली गोष्ट एकतर बचतीसाठी असते नाहीतर कोणाच्या तरी मायेपोटी, असा सगळ्यांचा ठाम समज. माया होतीच. पण त्याआधी मला त्या दोन तासांचं वेड होतं. पॅसेंजरच्या खिडकीशी बसून सुया काढल्या की पुढचे दोन तास मला कोणी हाक मारत नसे. दोन सुलट, दोन उलट. बाहेर धानाच्या शेतांच्या बांध्या आणि तलाव मागे जायचे आणि हातातली पट्टी बोटभर वाढायची. घरात मी दिवसभर जे करते ते संध्याकाळपर्यंत खाऊन, वापरून, मळवून संपतं. ही पट्टी मात्र संपत नसे, ती वाढत जायची. रविवारी दुपारी शिलाई मशीन उघडलं की तोच आनंद. पोरीचा फ्रॉक, उशीचा अभ्रा, जुन्या साडीचा परकर, काहीही. मशीनची तेलाची कुपी हातात घेतली तरी मला बरं वाटायचं.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या हिवाळ्यातली असावी. मुलगी दुसरीत होती, सात वर्षांची. तिला पहिल्यांदाच मी लोकरीच्या दुकानात सोबत नेलं आणि म्हटलं, तुला हवा तो रंग घे. गोंदियातल्या त्या दुकानदाराने सवयीने गुलाबी लोकर पुढे टाकली. "लडकी के लिए ये ले लो, दीदी." तिने मान हलवली आणि पोपटी रंगावर बोट ठेवलं. वर मला बजावलं की खिसे पाहिजेत. दोन. मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात, हा प्रश्न तिने मला तिथे काउंटरवरच विचारला. 

गणपती झाल्यापासून मी तो स्वेटर विणत होते. बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर, वरचं अंग दहावर. रोज संध्याकाळी घरात पाऊल ठेवलं की ती पिशवीत हात घालून बघायची, आज किती झाला. लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून धरून ती उभी राहायची आणि मी गुंडा करायचे. हात दुखले तरी खाली करायची नाही. माझ्या आठवणीत आईपणातला इतका निवांत वेळ दुसरा नाही. माप मात्र मी वाढतं धरलं होतं, लांबीला चार बोटं आणि खांद्याला दोन बोटं जास्त. वाढत्या अंगाच्या पोरांचं सगळेच तसं करतात. ते वाढतं माप मला पुढे चांगलंच नडलं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी पाहुण्यांचा राबता. आमच्याकडे तिरोड्याहून नणंद आली, तिच्या मुलाला घेऊन. तो नऊ वर्षांचा. आता हे सांगायला हवं की इकडे भाचा म्हणजे देव. मामा-मामींनी त्याच्या पाया पडायचं. माझं माहेर वर्ध्याकडचं, मला हे ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा हा देव पाळण्यात होता आणि सासूबाईंनी मला त्याच्या ओल्या दुपट्याशी वाकायला लावलं होतं. मी वाकले. मुलाचा त्यात काय दोष? नऊ वर्षं वाकत आले. पण देवाचा दुसरा नियम मला नीट कळला नव्हता. भाचा जे मागेल ते द्यायचं, आणि त्याच्या अंगावर एकदा चढलेलं काढायचं नाही.

त्या दिवशी मी स्वेटरला बटणं लावत होते. शेवटच्या बटणाचा दोरा तेवढा तोडायचा राहिला होता. गॅसवर दूध उतू जायला आलं म्हणून उठले, परत येते तर स्वेटर भाच्याच्या अंगात. दोन्ही हात दोन्ही खिशांत.

"वयनी, पाह्य ना कसा बसला!" नणंद कौतुकाने म्हणाली. "जसा याच्याच मापाचा विनला."

बसणारच. चार बोटं वाढीव होता.

"मामी, हा मी घेऊन जातो," भाचा म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "घे ना बाबू. मामीनं तुह्यासाठीच तं विनला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने त्या माझ्यासमोर बसून हा स्वेटर कोणासाठी चालला आहे ते बघत होत्या. मी म्हटलं, हा हिचा आहे. तर त्या म्हणाल्या, "तिले दुसरा विनून देजो. तुले का वेळ लागते? गाडीत बसल्या बसल्या होऊन जाते."

गाडीत बसल्या बसल्या! मी नवऱ्याकडे बघितलं. तो वर्तमानपत्राची घडी घालत होता, उगाच दोनदा घातली. "देऊन टाक ना," तो म्हणाला. "भाच्यानं मागतलं तं आपल्याकडे नाही म्हनत नाही."

आपल्याकडे. विणताना मी एकटी होते, द्यायची वेळ आली की आपण सगळे. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात गेले आणि पाहुण्यांसाठी वडे तळले. तेव्हा गप्प राहिले याचा राग मला आजही त्या तिघांवरच्या रागापेक्षा जास्त येतो. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडली नाही. मला वाटलं, चला, समजूतदार आहे पोर. समजूतदार! स्वतःच्या पोरीबद्दल असा विचार मी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद निघाली. ऑटो दारात उभा. भाच्याला पाटावर उभं केलं, कुंकू लावलं, हातात नारळ दिला. नवरा पाया पडला, मी पडले. वाकले तेव्हा तो पोपटी काठ माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यातला एक चुकलेला टाका फक्त मला दिसत होता. मग सासूबाईंनी मुलीला पुढे ढकललं, "दादाच्या पाया पड." ती पडली. उठताना तिला दिसलं की वरचं बटण उघडं आहे. तिने ते स्वतःच्या हाताने लावून दिलं, स्वेटर खालून नीट ओढला आणि माझ्याकडे वळून आजीच्याच सुरात म्हणाली, "मामाच्या घरून भाच्यानं रिकामं जाऊ नये, ना आई?"

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि ते बटण काढलं. मग दुसरं, मग तिसरं. बाही ओढली तेव्हा पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. त्याच्या जागी मीही रडले असते. पण हात थांबले नाहीत.

"वयनी! भाच्याच्या अंगावरचं काढून राहिली? कायले?" नणंद ओरडली.

"हा माझ्या पोरीचा आहे. त्याला मी दुसरा विणून देईन. माप घेते."

आणि मी खरंच माप घेतलं. हुंदके देणाऱ्या त्या मुलाच्या पाठीवर मी वीत ठेवली, दीड भरली. खांद्यावर ठेवली. काय बाई होते मी त्या क्षणी, मला सांगता येत नाही. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवला. सासूबाई पाटावरच बसल्या आणि म्हणाल्या की आता या घराचं भलं होनार नाही. बाहेरून ऑटोवाला हाका मारत होता, "भाभी, गाडी छूट जायेगी." नणंद मुलाला कडेवर घेऊन निघाली. नऊ वर्षांचा घोडा, पण कडेवर घेतला. पायरीवरून म्हणाली, "याद ठेवजो, वयनी."

आठवडाभर घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. मी गाडीत भाच्याचा स्वेटर सुरू केला. शब्द दिला होता, आणि मला कोणाचं मिंधं राहायचं नव्हतं. पण रागात टाके इतके घट्ट पडत की सुई पुढे सरकेना. डब्यात शेजारी बसणाऱ्या एका शिक्षिकेने पट्टी हातात घेऊन ओढून बघितली आणि विचारलं, "कोणावर चिडल्या आहात एवढ्या?" दोनदा उसवला तेव्हा कुठे त्याच्या मापाला आला. तिरोड्याला जाणाऱ्या ओळखीच्यांच्या हाती पाठवला. परत आला नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

खरा राग पुढेच होता. मुलगी स्वेटर घालेना.

थंडी वाढली. गोंदियाची थंडी म्हणजे सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. आणि ही जुना, कोपरापर्यंत आखूड झालेला स्वेटर घालून शाळेत जाई. मी समजावलं, चॉकलेट दिलं, ओरडले. "नको," एवढंच. एके दिवशी गाडीची वेळ झाली होती, मी तिचा दंड धरला आणि पोपटी बाही जबरदस्तीने चढवायला लागले. "तुझ्यासाठी सगळ्या घराशी वैर घेतलं मी! नवऱ्याशी, सासूशी! आणि तुला नखरे सुचतात? दोन महिने डोळे फोडले, काऊन घालत नाहीस?" मी चिडले की माझ्या तोंडात सासरची बोली येते.

तिने हात आखडून घेतला. रडत नव्हती. माझ्याइतकीच चिडलेली होती. सात वर्षांच्या मुलीला इतकं चिडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"मी दिला असता त्याला," ती म्हणाली. "नाहीतर नसता दिला. पण मला कोणी विचारलंच नाही. आजीनं नाही, बाबांनी नाही. तू पण नाही. तू तर तसाच ओढून काढला."

माझे हात तिच्या दंडावरून आपोआप खाली आले. ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस तिघांवर दातओठ खात होते, तीच गोष्ट मी केली होती. माझा स्वेटर, माझी मेहनत, माझा अपमान. तिची लोकर, तिचा रंग, तिचे खिसे यातलं काहीच मला त्या सकाळी पाटासमोर आठवलं नव्हतं. तिने बटण का लावून दिलं, तेही मी विचारलं नव्हतं. राग काढायला आता मीच तेवढी उरले होते, आणि बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.

मी खाली बसले. गाडी गेली तर जाऊ दे. "आता विचारते," मी म्हटलं. "या स्वेटरचं काय करायचं?"

 तिने स्वेटर माझ्या हातातून घेतला, स्वतःच अंगात घातला, खालपासून एकेक बटण लावत गेली.

"दादाला पाहिजे असंल," ती म्हणाली, "तं त्यानं माझ्याकडे मागावं."

तिने तो दोन हिवाळे घातला, बाह्या मनगटाच्या पार वर गेल्या तोवर. त्या दोन हिवाळ्यांत भाचा चार वेळा आमच्याकडे आला, चारही वेळा आम्ही त्याच्या पाया पडलो. तिला त्याने एकदाही विचारलं नाही.