कालचं आज चालायचं न्हाय

माझी बायको रुथ वाढलेल्या ताटावर माणसाला थांबवायची. लग्न होऊन घरात आली, त्या पहिल्याच संध्याकाळी मी फौंड्रीतून भुकेनं कावलेला आलो, बसलो आणि भाकरी मोडली, तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. शाहूवाडीच्या डोंगरातली पोर, तोवर मान वर करून एक शब्द बोललेली नव्हती.

"आधी देवाचे उपकार माना."

"मानले की."

"कशाबद्दल?"

"जेवणाबद्दल."

"ते समदेच मानत्यात. आज दिवसभरात तुमाला काय मिळालं, त्यातलं एक सांगा. मग जेवा."

मी चिडून म्हणालो, "भूक मिळाली." ती हसली नाही. डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, ह्यांच्या भुकेबद्दल उपकार," आणि ताट पुढं सरकवलं. दुसऱ्या दिवशी मी परत भूकच सांगितली, तर तिनं ताट मागं ओढलं. "कालचं आज चालायचं न्हाय. नवीन सांगा."

त्रेचाळीस वर्षं हे चाललं.

मी काही भाविक माणूस नव्हे. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून उपदेशाला डुलक्या काढणारा. पण संध्याकाळी हिला काय सांगायचं, या धास्तीनं मी दिवसभर बघायला लागलो. भट्टीतून ओतताना लोखंडाचा रंग आधी पांढरा असतो, मग केशरी होतो, हे मी आधी पाच वर्षं बघत होतो, पण मला ते दिसलं लग्नानंतर. घरी येताना गंगावेशीत गवळी गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढत असायचा. तांब्यात फेस वर येतो तसा धारेचा आवाज बदलतो, तेही मी एकदा तिला सांगितलं. तिनं डोळे मिटून ते असं ऐकलं, जसं काही मी सोनंच आणलंय.

एकदा कामावर वितळलेलं लोखंड उडून माझा डावा पाय भाजला. महिन्यानं दवाखान्यातून घरी आलो, तर हिनं उपकारस्तुती ठेवलेली. आमच्या ख्रिस्ती लोकांत घर बांधलं, मूल झालं, कुणी आजारातून उठलं, की घरी सभा बोलावतात, गातात, प्रार्थना करतात, चहा देतात. मी ओरडलो, "पाय जळला आन तू सभा घालतीस? येडी हायस काय?"

"जळल्याबद्दल कोण मानतंय उपकार? त्याबद्दल मी देवाला रोज भांडतो. उजवा राह्यला, त्याबद्दल सभा."

कोल्हापूरच्या बायका "मी भांडतो" असंच म्हणतात, आणि ती खरंच भांडायची. मी मोरीत तिला पुटपुटताना ऐकलंय. भांडून झालं, की डोळे पुसून बाहेर यायची आणि उपकार मानायची. एकाच तोंडानं दोन्ही खरं कसं बोलायची, मला आजही कळत नाही.

त्या सभेला शेजारच्या आक्काताईही आल्या होत्या. त्या जोतिबाच्या भक्त, कपाळाला गुलाल. रुथनं त्यांनाही सोडलं नाही. "आक्काताई, तुमचं काय आज?" त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "म्हस व्याली, वैनी." सगळी सभा हसली. रुथनं म्हशीबद्दलही उपकार मानले, रेडकासकट.

मग साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले. मला वाटलं, आता हे थांबणार. देवानं असं केल्यावर कोण तोंड उघडेल? ज्या दिवशी पार अंधार झाला, त्या दिवशी चाचपडत तिनं भाकरी केली. ताटावर बसल्यावर म्हणाली, "आज भाकरी फुगल्याचा आवाज आला. डोळं होतं तवर कधी ऐकलाच न्हवता." मी उकळतं लोखंड ओतलेला माणूस, पण त्या दिवशी मला तिच्याकडं बघायची भीती वाटली.

त्यानंतर दोघांचं बघणं माझ्यावर आलं. एकदा मी कंटाळलेलो, दिवसभर काही बघितलं नव्हतं. फेकून दिलं, "मागचा शेवगा फुललाय. पांढराशिप्पट."

तिचा हात थांबला. "शेवगा परवा तोडला की वो. शेंगा पत्र्यावर वाजायच्या बंद झाल्यात."

मी मागं जाऊन बघितलं. खोडाचा बुंधा तेवढा राहिला होता. डोळे असून मला पत्ता नव्हता.

परत येऊन बसलो, तेव्हा ती हळू म्हणाली, "देवाला खोटं देऊ नगासा. काय नसलं, तर काय न्हाय म्हणा. त्यो तेबी ऐकून घेतो."

यंदा तिच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात संध्याकाळी जेवणाचं ताट आलं, तिला घास गिळवेना, तरी विचारलंच, "तुमचं आज?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

तिनं माझा हात दाबला. "खरं बोललासा. ह्याचे उपकार." मग म्हणाली, "मी गेल्यावर रडायची सभा नको. उपकारस्तुती ठेवा. आन तुमी स्वतः उठून सांगायचं. शब्द द्या."

मी दिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सभा ठेवली. गाणी झाली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "काका, दोन शब्द." मी बाक धरून उठलो. सगळे बघत होते. तोंड उघडलं आणि तोंडातून तेच आलं, "काय न्हाय." बसलो. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आमेन."

शब्द दिला होता आणि मोडला. त्यानंतर रोज संध्याकाळी ताट घेऊन बसायचो, मोठ्यानं "काय न्हाय" म्हणायचो आणि जेवायचो. तेही कालचंच होतं, हे मला कळत होतं. ती असती, तर ताट मागं ओढलं असतं. ओढायला कुणी नव्हतं.

परवा आक्काताई आमटीची वाटी घेऊन दारात आल्या. मी हात पुढं केला, तर त्यांनी वाटी मागं घेतली.

"भाऊजी, आज काय?"

"काय म्हंजे?"

"वैनी मला मधल्या भिंतीवरनं रोज इचारायच्या. सांगितल्याबिगार कालवणाची वाटी मिळायची न्हाय."

"काय न्हाय, आक्काताई."

"ते काल ऐकलं पलीकडनं. परवाबी ऐकलं."

आमटीतून वाफ निघत होती. म्हातारी बाई, कपाळाला गुलाल, पोळणारी वाटी पदरात धरून उभी, आणि हलायला तयार नव्हती. मी तिच्याकडं बघत राहिलो. मग माझ्या तोंडातून निघालं, "आज कुणीतरी इचारलं."

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. रुथ गेल्यापासून पहिल्यांदा.

आक्काताईंनी मला रडू दिलं. मग आत येऊन वाटी माझ्या ताटात ठेवली, पदर सारखा केला आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाल्या,

"उद्या हे चालायचं न्हाय, भाऊजी."