सख्ख्या बहिणींत पाच महिन्यांचं अंतर

"दोन्ही नळ्या बंद आहेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझ्या एचएसजीचा फोटो त्यांनी उजेडाकडं धरला होता. एचएसजी म्हणजे गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. नळ्या मोकळ्या असल्या तर ते औषध पुढं वाहत जातं. माझं वाहिलं नव्हतं.

"आता आयव्हीएफ हाच मार्ग आहे," त्या म्हणाल्या. बाईचं बीज आणि नवऱ्याचे शुक्राणू बाहेर एकत्र करायचे आणि गर्भ तयार झाला की पिशवीत ठेवायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग माझं आधार कार्ड हातात घेऊन थांबल्या. "इथं मोफत उपचार चाळिशीपर्यंतच देतो, ताई. तुम्हाला चाळीस उलटून गेलीत."

कायद्यानं पन्नासपर्यंत चालतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण सरकारी केंद्रात रांग मोठी आणि चाळिशीनंतर गुण येणं अवघड, म्हणून या केंद्रानं मर्यादा खाली ठेवली होती. खासगीत जाण्याची आमची ऐपत नव्हती. हे, म्हणजे माझे मालक, पुण्याजवळच्या एका कंपनीत लोडिंगला आहेत.

मी म्हणाले, "मॅडम, मी चाळीसची नाही. कागद चुकलाय."

"असं सांगणाऱ्या पुष्कळ येतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पुरावा आणा. नियमात बसलात तर मी स्वतः तुमचं नाव घालते."

बाहेर येऊन मी बाकड्यावर बसले. नळ्या बंद हे दुःख होतंच. पण माझं वय मी चोरून सांगतेय असं मॅडमला वाटलं असेल, हे जास्त लागलं.

चूक कशी झाली ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदाकाठच्या बाजूला. माझी मोठी बहीण, शांताअक्का, शाळेत घालायची झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. आईला कापूस वेचायला जायचं होतं आणि मला सांभाळायला कुणी नव्हतं. तिनं दोघींना शाळेच्या दारात उभं केलं. त्या वेळी जन्माचा दाखला कुणाकडं नसायचा. गुरुजी उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला सांगायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोरगं सहाचं. माझे हात जन्माचेच लांब. कान लगेच सापडला. अक्काची पण सहा लिहिली होती, म्हणून दोघींची तारीख एकच नको असं बघून गुरुजींनी कागदावर मला तिच्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान केलं.

त्या शाळेची आठवण आली की अजून जीव हलका होतो. आम्हा दोघींत एकच पाटी होती. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी. ती लिहायची तेव्हा मी गप्प बसून तिच्या परकराची किनार बोटाला गुंडाळायची. ओढ्याला पाणी असलं की ती मला पाठीवर घ्यायची. सातवीनंतर दोघींची शाळा सुटली, कारण आठवी लांबच्या गावात होती. पण ती सात वर्षं मला कुणी एकटं म्हणून पाहिलं नाही.

पुरावा काढायला पुण्याहून निघून जालन्याला उतरले. घनसावंगीच्या गाडीत बसल्यावर मागच्या सीटवरची बाई कुणाला तरी म्हणत होती, "जल्दी सरक की, मी काय उभीच राहू?" ते ऐकूनच मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी पुण्याकडच्या लोकांसारखं बोलायला शिकले, पण कान इथलेच राहिले.

जन्माची उशिरा नोंद तहसीलमधून होते. अक्का माझ्यासोबत आली. तिथल्या साहेबांनी आमचे दोघींचे शाळेचे दाखले शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"काय वो बाई, तुमच्या आईनं पाच महिन्यात दुसरं लेकरू जन्माला घातलं काय?"

अक्का म्हणाली, "आमची माय कामाला लई चपळ व्हती, सायेब."

साहेब हसले, पण दाखले परत दिले. "चूक तर दिसून राह्यली. पण कोणाची? मोठीला लहान लिव्हलं का लहानीला मोठी केली? हे सांगणारं माणूस आणा."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. राहिले गुरुजी. ते परतूरला मुलाकडं राहतात असं कळलं. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. नाव सांगितलं तर ओळख पटली नाही. अक्कानं मला हात डोक्यावरून न्यायला लावला, तेव्हा म्हातारा खुदकन हसला.

"लांब हाताची," ते म्हणाले. "तुझी माय टोपलं घेऊन दारात उभी व्हती. मी न्हाई म्हणलो असतो तर तिनं तुला बांधावर झोपवून कापूस येचला असता. तिथं सापविंचू. मंग काय, लिव्हली सहा."

मी कशासाठी आले ते सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा मधेच म्हणाला, "आप्पा, या वयात कचेरीत जाऊन चूक केली म्हणून सही करता का?"

"काय करतेत? पेन्शन काढून घेतेत?" गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी निघू, पोरी. मला जीपमधी पुढची शीट पाह्यजे."

त्यांनी तहसीलमध्ये शपथेवर सगळं सांगितलं. तरी दाखला निघायला, आधार दुरुस्त व्हायला बरेच महिने गेले. माझ्यासारख्या बहिणींना हेच सांगते. लग्नानंतर मूल राहत नसलं तर पहिल्यांदा स्वतःच्या कागदावरचं वय बघा. आणि कागद होईपर्यंत थांबू नका, तपासण्या करून घ्या. माझी एक तपासणी या धावपळीत मागं राहिली.

ती एएमएच. साधी रक्ताची तपासणी असते. बाईच्या अंडाशयात बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. उशिरा का होईना ती करून घेतली आणि दुरुस्त केलेलं आधार घेऊन मी मॅडमपुढं बसले. त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगत होता." मग एएमएचचा रिपोर्ट उघडला. "पण बीजं फार कमी उरलीत. एक प्रयत्न देऊ शकते. एकच. चालेल?"

मी हो म्हणाले.

पोटात रोज इंजेक्शन घेतलं. त्यानं बीजं वाढतात. एक दिवसाआड सोनोग्राफी. बाकड्यावर ओळखी झाल्या, कुणी सोलापूरची, कुणी धुळ्याची. भूल देऊन बीजं काढली तेव्हा मोजकीच निघाली आणि त्यातून एकच गर्भ तयार झाला. तो पिशवीत ठेवताना मॅडमनी मला पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला. माझं म्हणता येईल असं लेकरू मी तेवढंच पाहिलं.

पुढं बीटा एचसीजी केली. गर्भ रुजला की नाही हे त्या रक्ताच्या तपासणीत कळतं. रुजला नव्हता.

मॅडमनी मला आत बोलावून खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. "तुमच्या कशानं झालं नाही असं मनात आणू नका," त्या म्हणाल्या. "आता मात्र पुढचा प्रयत्न इथं नाही."

मी त्यांचे हात धरले. मला दाराबाहेरून परत पाठवलं असतं तर आयुष्यभर मनात राहिलं असतं. मला आत घेतलं, माझं खरं मानलं, आणि करता येण्यासारखं सगळं केलं. मग नाही झालं. या दोन्हींत किती फरक असतो, ते ज्या बाईवर वेळ आली तिलाच कळेल. गुरुजींनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "जेवलीस का?"

दवाखान्यातून निघून आम्ही चहाला थांबलो. हे बशीत चहा ओतून बसले होते. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचं. त्या दिवशी हे म्हणाले, "गावाकडं घर बांधायचं ना? किती खोल्या काढू?"

मी म्हणाले, "दोन बस झाल्या की आपल्याला."

"तीन काढू," हे म्हणाले. "अक्का आली की दोघी रात्रभर बोलत बसता. मला झोप लागत न्हाई."