पिवळ्याचा लाल झाला तेव्हा

जळगावच्या एमआयडीसीत माझा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. मशीन मी बघायचो, रंग बायको बघायची. आयर्न ऑक्साइडची भुकटी सिमेंटमध्ये तीच कोरडी कालवून घ्यायची, कारण पाणी आधी पडलं तर ब्लॉकवर रंगाचे पट्टे उठतात.

लग्नानंतर मी तिला सांगितलं होतं, लाल, पिवळा, काळा, हे सगळे रंग लोखंडाच्या गंजाचेच भाऊबंद. पिवळ्यात तेवढं पाणी धरलेलं असतं. तिला खरं वाटेना. घरी येऊन तिने जुन्या तव्यावर चिमूटभर पिवळा रंग टाकला आणि गॅस मोठा केला. बघता बघता तो विटेसारखा लाल झाला. ती चोपड्याकडची, खुशीत आली की माहेरचं बोलायची. "ओ माय, बठ्ठं लोखंडच शे!" सगळं लोखंडच आहे, म्हणत ती कितीतरी वेळ हसत होती.

मग तिच्या किडन्या गेल्या. धुळ्याला तिच्या बहिणीकडे ठेवून उपचार सुरू केले. सासूबाई म्हणाल्या, "त्या रंगानेच खाल्लं माझ्या पोरीला." मी घाबरून डॉक्टरांना विचारलं. "त्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "तो रंग पाण्यात विरघळतसुद्धा नाही. हा आजारच वेगळा." मी मान हलवली, पण सासूबाईंचं बोलणं मनातून जाईना.

त्याच सुमारास धुळ्यातल्या एका शाळेतून तक्रार आली. अंगणात बसवलेले आमचे लाल ब्लॉक पांढरे पडले होते. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आपला रंग उन्हाने उडत नाही. मला तिथे घेऊन चला."

दवाखान्यातून परतताना रिक्षा शाळेपाशी थांबवली. माझा हात धरून ती खाली बसली, पदर ओला करून एक ब्लॉक जोर लावून पुसला. आतला लाल दिसला.

"सिमेंटमधला चुना वर आलाय," ती शाळेच्या सरांना म्हणाली. "दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल." तेवढ्यानेच तिला धाप लागली होती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटची अंघोळ घालताना तिचे हात माझ्या हातात होते. वर्षानुवर्षं नखांच्या कडेला बसलेला लाल रंग आजारपणात पुरता निघून गेला होता. मला तेव्हा रडू फुटलं.

रंगाच्या उरलेल्या गोण्या मी एरंडोलच्या एका ओळखीच्याला देऊन टाकल्या. आता नुसते करडे ब्लॉक काढतो. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, लाल नाहीत का?"

"नाहीत," मी म्हणतो. मशीनचा आवाज चालू असतो, त्यामुळे जास्त बोलावं लागत नाही.